भवरदरीतली सत्तावीस मिनिटं

आम्हाला भवरदरीत जाऊन एका पिंगळ्याचं कपाळ चित्रित करायचं होतं. एवढंच. पण ते चित्रण सोमवारी सकाळी अकराच्या आत अकोल्याच्या कार्यालयात पोचायला हवं होतं, आणि गुरुवार अर्धा सरला होता.

अकोटच्या उत्तरेला काळी जमीन संपते आणि सातपुड्याची पहिली पायरी चढते, तिथे ही दरी आहे. तिच्यात दगडाची खाण काढायचा अर्ज त्या कार्यालयात आला होता आणि त्यावर हरकती घ्यायची मुदत सोमवारी संपत होती. दरीच्या तोंडाशी बेचाळीस घरांचं कोरकू गाव आहे. सुरुंग लागले की आमचा झरा आटेल, असं गावाने लिहून दिलं होतं. त्यावर पाण्याची पर्यायी व्यवस्था करता येईल, असं उत्तर आलं. रानपिंगळ्याला मात्र पर्यायी व्यवस्था नसते. जगात मोजक्याच जंगलांत उरलेला हा पक्षी दरीत घर करून आहे, हे सिद्ध झालं तर अर्ज तिथेच थांबणार होता. दुसरा मार्ग कुणालाच दिसत नव्हता.

तो पक्षी आकांक्षाने मार्चमध्ये पाहिला होता. आकांक्षा माझी कॉलेजची मैत्रीण. ती प्राणिशास्त्राची, मी भौतिकशास्त्राची. दोन वर्षं ती या दरीत पायी फिरत होती. तिच्याकडे चाळीस सेकंदांचं चित्रण होतं, आणि तेच आमचं दुखणं होतं. रानपिंगळा आणि गावातला साधा पिंगळा हे चुलतभाऊ शोभतील इतके सारखे. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. आकांक्षाच्या चित्रणात पक्षी भर दिवसा ढोलीबाहेर बसला होता, शेपटी हलवत होता, आणि डोक्याच्या जागी तपकिरी फराटा होता. कॅमेरा वळवला की चित्र दर वेळी हिसका खाऊन सुरू होई. एका तज्ज्ञांनी ते पाहून उत्तर पाठवलं, "असेलही, नसेलही. ठिपके नाहीत की दिसत नाहीत, हे सांगता येत नाही."

ते चाळीस सेकंद मी तीस वेळा पाहिले. दोष कॅमेऱ्यात नव्हता, कॅमेऱ्याखाली होता.

तिपाईवर कॅमेरा ज्या सांध्यावर बसतो, त्याला या धंद्यात हेड म्हणतात. स्वस्त हेडमध्ये धातूवर धातू घासतो. अशा घर्षणाची एक खोड असते. वस्तू हलायला लागण्यासाठी जितका जोर लागतो, त्यापेक्षा कमी जोर ती हलत ठेवायला लागतो. म्हणून आधी काहीच होत नाही आणि मग एकदम हिसका बसतो. चांगल्या हेडच्या पोटात दाट तेलासारखा द्रव असतो. द्रवाचा विरोध वेगाबरोबर वाढतो आणि वेग शून्य असताना तोही शून्य असतो. त्यामुळे कॅमेरा झोपेतून उठल्यासारखा हळूच हलू लागतो. आकांक्षाचं हेड पहिल्या जातीचं होतं. आम्हाला दुसऱ्या जातीचं हवं होतं, आणि तेही आजच.

अमरावतीच्या राजापेठेत, ट्यूशन क्लासच्या जिन्याखाली नत्थुजींचं दुकान आहे. तीस वर्षं त्यांनी लग्नांची शूटिंग केली. आता त्यांची मुलं हातात धरायची यंत्रं घेऊन नाचत नाचत शूटिंग करतात, आणि जुनं सामान दुकानात बसून असतं. नत्थुजींनी काउंटरवर तीन हेड मांडली आणि पहिलं माझ्याकडे सरकवलं. ते नवंकोरं आणि हलकं होतं, वर चमकदार अक्षरांत फ्लुइड लिहिलेलं.

मी त्यांच्याकडे एक रबरबँड मागितला. त्यांना वाटलं, केस बांधायला.

रबरबँड हेडच्या लांब हँडलला अडकवून मी सावकाश ओढला. तो ताणला, आणखी ताणला, आणि हँडल टुणकन पुढे आलं. स्टिकरवर द्रव होता, पोटात नव्हता. दुसरं हेड जुनं, रंग उडालेलं, अडीच किलोचं. रबरबँड थोडा ताणला आणि तेवढाच राहिला. हँडल त्याच्या मागे निमूट येत गेलं. तिसरंही तसंच निमूट, पण पाच किलोंचं.

आकांक्षाचा जीव तिसऱ्यावर होता. जितकं जड तितकं स्थिर, असं तिचं म्हणणं. मी शेजारच्या भाजीवाल्याच्या काट्यावर कॅमेरा आणि लांब लेन्स ठेवली. तीन किलो चारशे ग्रॅम. आम्हाला कड्यावरून खाली, ढोलीकडे पाहायचं होतं. हेडमधली स्प्रिंग कॅमेऱ्याचं वजन तोलते. तिसऱ्या हेडची स्प्रिंग दहा किलोंच्या कॅमेऱ्यासाठी होती. आमचा कॅमेरा खाली झुकवून हात सोडला की तो आपोआप वर आला. दुसऱ्यावर बसवला, झुकवला, हात सोडला. तो तिथेच राहिला. मी पाच कोनांत झुकवून पाहिला, प्रत्येक ठिकाणी घड्याळ लावून मिनिटभर थांबले.

"आमच्या पोरीसाठी पोरगा पाह्यला तवा एवढी चौकशी नाई केली आमी," नत्थुजी म्हणाले.

शेवटची शंका उन्हाची होती. चव्वेचाळीस अंशांत आतला द्रव पातळ होणार नाही का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बाई, वैशाखातली लग्नं काय फ्रिजमंदी लागतात?"

सोमवारी संध्याकाळी परत आणायच्या बोलीवर त्यांनी दुसरं हेड आम्हाला दिलं.

शुक्रवारी दर्यापूरमार्गे अकोट गाठलं. स्टँडबाहेर हातगाडीवर बागेतून आलेली पिवळीधम्मक केळी होती. वजनाच्या मानाने पोटाला आधार जास्त, म्हणून मी एक फणी घेतली. पाणी सहा लिटर, कॅमेरा साडेतीन किलो, तिपाई आणि हेड साडेसहा किलो. सगळा हिशेब माझ्या वहीत होता. त्या वहीत जे लिहिलं नव्हतं, तेच पुढे आमच्या जिवावर उठलं.

गावात देवमनभाऊ वाट पाहत होते. पंचेचाळिशीचे, सडसडीत, दोन वाक्यं बोलायच्या ठिकाणी एक बोलणारे. गावाच्या हरकतीवर पहिली सही त्यांची होती. हेड त्यांनी हातात घेऊन तोललं आणि न विचारताच स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

शनिवारी पहाटे निघालो. कोरड्या नाल्याच्या पात्रात म्हशींएवढे दगड एकमेकांवर रचून पडले होते, आणि आठ वाजताच त्यांना हात लावता येईना. पानगळ झालेल्या सागवानाला सावली नव्हती. एका घसरणीवर माझ्या पायाखालची मुरुमाची थप्पी निसटली. मी घसरले! दहा फूट, पंधरा फूट, हाताला काही लागेना. शेवटी एका कुड्याच्या खोडाला पाठ आपटून थांबले. तळहाताची साल गेली होती. पाण्याची एक बाटली टप्पे खात खाली गेली आणि तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. सहाचे पाच लिटर झाले.

अकराला आम्ही कड्यावरच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर पोचलो. दोन हात रुंदीची जागा, पुढे सत्तर फुटांचा तुटलेला कडा. समोर, थोडं खाली, एक जुनं सलईचं झाड आणि त्याच्या खोडात काळी ढोली. अंतर साठ मीटर. याहून जवळ गेलो असतो तर पक्ष्याने घरच सोडलं असतं. मी तिपाई उभी केली, हेडवरच्या पाणसळीतला बुडबुडा मध्यभागी आणला, कॅमेरा अठरा अंश खाली झुकवला. तो तसाच राहिला.

देवमनभाऊंनी बोट वर केलं. डोक्यावर तीसेक फुटांवर, कड्याच्या कपारीला, आग्या मोहोळ लटकलं होतं. सुपाएवढं, काळं, आणि वाऱ्याची लहर गेल्यासारखं मधूनमधून शहारणारं. मोठ्याने बोलायचं नाही, बिडी नाही, वासाचं काही नाही. माझ्या केसांना तेलाचा वास येतो म्हणून त्यांनी मला ओला रुमाल डोक्याला बांधायला लावला.

त्या दिवशी पक्षी दिसला नाही. दुपारी नाही, उन्हं कलल्यावर नाही, अंधार पडेपर्यंत नाही. आवाजसुद्धा आला नाही. आवाजावरून तरी जात ओळखू आली असती. पट्टीच्या मागच्या कपारीत आम्ही आडवे झालो तेव्हा पाणी दोन लिटर उरलं होतं.

रविवारी सात वाजून दहा मिनिटांनी ढोलीच्या तोंडाशी काहीतरी हललं. मी कॅमेरा सुरू केला. पिंगळा! पण आमच्याकडे पाठ आणि डोकं अर्धं आत. पाच मिनिटं तो तसाच बसला आणि मग आत गेला. आकांक्षाने आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. देवमनभाऊ पाणी आणायला झऱ्याकडे उतरले होते. कॅमेरा ढोलीवर तसाच चालू ठेवून मी पिशवीतून केळी काढली. उन्हात पिकून ती काळी पडायला आली होती. एक तिला सोलून दिलं, एक मी सोललं.

देवमनभाऊ पट्टीवर आले, आणि खांद्यावरचा पाण्याचा डबा न उतरवताच थांबले.

"केळं कोनं सोललं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

त्याच क्षणी मला आठवलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत आम्ही केळ्याच्या वासाचं एक द्रव्य बनवलं होतं. सगळा मजला घमघमला होता. सरांनी जाता जाता सांगितलं होतं की डंख मारणारी माशी इतरांना बोलावते, ती याच द्रव्याने. मी ते परीक्षेत लिहिलं होतं आणि गुणही मिळवले होते.

पहिली माशी माझ्या मनगटावर बसली. दुसरी मानेवर. मग वरून आवाज आला, दळण पडतं तसा.

देवमनभाऊंनी डबा फेकला. रात्री अंथरलेली घोंगडी ओढली. आम्हा दोघींना खाली दाबलं. घोंगडी वरून पडली आणि उजेड गेला! कानाशी, पाठीशी, डोक्यावर नुसता गुंजारव. आकांक्षाच्या केसांत दोन माश्या आत आल्या होत्या. ती किंचाळली, उठू लागली. कडा दीड हातावर होता.

"पळाल तं दरी खाईल. हलू नका," देवमनभाऊ तिच्या कानाशी म्हणाले. ते स्वतः अर्धे बाहेर होते. घोंगडीची कड दगडाला दाबून धरायला कुणाचे तरी हात बाहेर राहणं भाग होतं, आणि ते हात त्यांचे होते.

माझ्या डाव्या पायाला काहीतरी थंड लागलं. तिपाईचा पाय! मी पाय काढला असता तर तिपाई कलली असती, आणि कलती तर खालीच गेली असती. पोटरीवर एक डंख बसला. पाय हलवला नाही. दुसरा बसला, त्याच जागी. मी आकडे मोजू लागले. शंभर, दोनशे. पाचशेला आकांक्षाचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. मी तिचा हात धरला, तो सुजून टणक झाला होता. आठशेला ती म्हणाली की आपण इथेच मरणार, आणि मला खोटं बोलायला काही सुचलं नाही. हजारानंतर माझे आकडे चुकले.

शेवटी आवाज विरळ झाला. देवमनभाऊंनी घोंगडीचं टोक उचललं. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओळखू येत नव्हते.

कॅमेरा चालूच होता. लेन्सच्या नळीवर चार माश्या मरून पडल्यासारख्या चिकटलेल्या, दोन हँडलवर फिरणाऱ्या. अठरा अंशांना मी सोडला होता आणि अठरा अंशांनाच तो उभा होता, बुडबुडा मध्यभागी. सत्तावीस मिनिटांत त्याला कुणाचा हात लागला नव्हता. पडद्यावर मी फक्त शेवटचा क्षण पाहिला. ढोलीच्या तोंडाशी पिंगळा बसला होता, आमच्याकडे तोंड करून. मी पाहते तोच तो उडाला.

मिळालं! मी आकांक्षाला सांगितलं. तिचा एक डोळा पूर्ण मिटला होता. दुसऱ्यातून पाणी आलं.

उतरण अडीच तासांची झाली. पाणी सगळं सांडलं होतं. आकांक्षा दोनदा ओकली आणि मग पाय उचलेना. देवमनभाऊंनी तिला पाठीवर घेतलं. तिपाई टाकून द्यावी, असं माझ्या मनात आलं, तिचे पाय आणि हेड मिळून साडेसहा किलो. पण सुजलेल्या बोटांनी कॅमेऱ्याचा पेच सोडवण्यापेक्षा ओढत नेणं सोपं होतं. झऱ्यापाशी पोचलो तेव्हा मी पाण्यात तोंड घातलं ते बाहेर काढवेना. गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंनी गोळ्या दिल्या, काटे काढले, आकांक्षाला तासभर उताणं झोपवलं. तिचा श्वास हळूहळू सरळ झाला. माझ्या अंगावर नऊ डंख होते, तिच्या चौदा. देवमनभाऊंनी मोजू दिले नाहीत.

चार वाजता आम्ही तिघं देवमनभाऊंच्या घरात बसलो आणि मी चित्रण लावलं.

एकोणिसाव्या मिनिटाला पिंगळा बाहेर आला. ऊन डाव्या बाजूने होतं. चित्र इतकं स्थिर होतं की सलईची सुटलेली साल वाऱ्याने हललेली कळत होती. त्याने शेपटी हलवली. मान वळवली. मग डोकं खाली घालून पंख साफ केला, आणि सगळं डोकं आमच्या समोर धरलं.

त्यावर पांढरे ठिपके होते. मी चित्र थांबवून मोजायला लागले. सतराला मोजणं सोडलं.

आकांक्षाने पडदा स्वतःकडे ओढला आणि उघड्या डोळ्याने बराच वेळ पाहिला. मार्चपासून तिने ज्याला रानपिंगळा म्हटलं, तो साधा पिंगळा होता. कदाचित ढोलीत रात्री उकडत असेल, म्हणून दिवसा बाहेर बसत असेल. शेपटी तर साधाही कधीकधी हलवतो.

मग ती म्हणाली, "मार्चचं आहे आपल्याकडे."

माझ्याही मनात तेच आलं होतं. त्या चाळीस सेकंदांत खोटं काही नव्हतं. तज्ज्ञांनी स्वतः लिहिलं होतं, असेलही. ते हरकतीला जोडलं असतं तर तपास सुरू झाला असता, पथक आलं असतं, पावसाळा गेला असता. आजच्या चित्रणाबद्दल आम्हा तिघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. हे हेड आणलंच नसतं तर आम्हालाही माहीत झालं नसतं.

देवमनभाऊंनी दोन्ही दाखवायला सांगितलं. आधी मार्चचं पाहिलं, मग आजचं. मग पुन्हा मार्चचं. त्यांची बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती.

"हे तं आपल्या गावातलंच पाखरू हाय," ते म्हणाले.

आकांक्षाने त्यांना समजावलं. जुन्या चित्रणात ते कळत नाही, आणि वेळ मिळाला तर खाण वर्षभर तरी लांबेल. ते ऐकत राहिले.

"हरकतीवर माही सही हाय, ताई. उद्या साहेब मलेच इचारतीन, देवमन, तू पाह्यलं का? आता मी पाह्यलं. मंग मी काय सांगू?"



बाहेर, चिंचेच्या पारावर, तीसेक माणसं बसून होती. सकाळपासून कुणी कामाला गेलं नव्हतं. देवमनभाऊ त्यांच्यासमोर उभे राहून कोरकूत बोलले. मला ती भाषा येत नाही. पण मध्येच त्यांनी फुगलेलं बोट स्वतःच्या कपाळावर टेकवलं, उचललं, थोडं बाजूला टेकवलं, पुन्हा उचललं. सगळ्या कपाळावर ते तसं ठिपके ठेवत गेले. दोन माणसं उठून चालू लागली.

एका म्हाताऱ्या बाईने काहीतरी विचारलं. देवमनभाऊ आमच्याकडे वळले.

"बुढी म्हनते, साधं हाय म्हनून त्या पाखराले घर नाई लागत का?"

आकांक्षाने पिशवीतून उद्याचे कागद काढले. "आढळलेली प्रजाती" असं छापलेल्या ओळीपुढे तिने महिन्याभरापूर्वी सुंदर अक्षरात रानपिंगळा लिहून ठेवलं होतं. तिने ते खोडलं. सुजलेल्या हाताने वाकडंतिकडं लिहिलं, साधा पिंगळा, एक. त्या ओळीने हरकतीला काडीचं बळ येणार नव्हतं, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी तिने मला नेमकी वेळ विचारली. मी चित्रणात पाहून सांगितली, सात एकोणतीस. तिने ती लिहिली आणि कागद देवमनभाऊंपुढे धरला. त्यांच्या बोटांत पेन राहीना, म्हणून त्यांनी ते मुठीत धरलं आणि सही केली.